आधी पाण्याले विचारू

डॉ. वनिता मेश्राम पेशंटच्या आधी पाणी तपासायची. नमुना कोणाचाही असो, त्याच्या जोडीला शुद्ध पाण्याची एक नळी तिच्या मशीनमध्ये जायचीच. "आधी पाण्याले विचारू," ती म्हणायची. "त्याच्यात कोणी लपून नाई, हे पक्कं झालं का मंग पेशंटचं ऐकू." चंद्रपूरच्या आमच्या रुग्णालयातले शिकाऊ डॉक्टर हे वाक्य अगदी तिच्या ठेक्यात म्हणून दाखवायचे. माझं एकही वाक्य कधी कोणी म्हणून दाखवलं नाही.

त्या प्रयोगशाळेत मी तिच्या आधीपासून होतो, हे इथेच सांगून टाकतो, कारण नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. रक्त, पू, पाठीतलं पाणी, जे येईल ते प्लेटवर लावायचं, उबेत ठेवायचं आणि जंतू उगवले की ओळखायचे, हे माझं काम. उगवलेल्या प्लेटचा रंग आणि वास यावरून मी नाव सांगायचो आणि वॉर्डातले डॉक्टर माना डोलवायचे. मग पुण्याहून वनिता आली, ती मुठीत मावेल एवढं मशीन घेऊन. तिला जंतू उगवायची वाट बघावी लागत नसे. नमुन्यात ज्याचा ज्याचा म्हणून जनुकीय अंश असेल तो मशीन वाचायचं, ओळखीच्या जंतूंशी ताडायचं आणि नावं काढून द्यायचं. माझी प्लेट उबेतच असायची, तोवर तिचं उत्तर वॉर्डात पोचलेलं. डोलणाऱ्या माना तिकडे वळल्या.

तशी ती मला नवी नव्हती. चामोर्शीच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो. पहिला नंबर तिचा, दुसरा माझा. दुसरा आला म्हणून कोणी माझी पाठ थोपटली की मला रडू यायचं. ती मात्र तेव्हापासून मला दिलीपभाऊ म्हणायची, आणि तेही इतक्या मायेनं की धड भांडताही येऊ नये.

सुरुवातीला एकदा ती चुकली. अतिदक्षता विभागातल्या एका पेशंटच्या रक्तात तिच्या मशीनला कुठलासा दुर्मिळ जंतू सापडला आणि रुग्णालयभर बोभाटा झाला. दुसऱ्या दिवशी सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत ती उभी राहिली. "कालचं नाव खोडून टाका. घाईत पाण्याची नळी लावाची राह्यली होती. आज लावली, तर तोच बाबा पाण्यातबी बसून हाय. रसायनाच्या बाटलीतूनच आला असन. चूक माही हाय."

मी मनातल्या मनात पेढे वाटले. तेवढ्यात अधीक्षक उठले. "असा प्रामाणिकपणा शिका जरा," ते म्हणाले आणि बघितलं माझ्याकडे! वर टाळ्या. मी बरोबर असतानाही एवढ्या टाळ्या माझ्या वाट्याला कधी आल्या नव्हत्या. पाण्याची नळी हा तिचा नेम झाला तो त्या दिवसापासून.

मग माझी आई आजारी पडली. चामोर्शीजवळच्या गावी तिला कितीतरी आठवडे ताप येत-जात होता, आणि गावच्या डॉक्टरची इंजेक्शनं चालू होती. मग डोकं दुखायला लागलं, मग बोलणं बरळल्यासारखं झालं. तिला चंद्रपूरला आणलं तेव्हा ती मला माझ्या वारलेल्या बापाच्या नावानं हाक मारत होती. तिच्या पाठीतलं पाणी माझ्याच टेबलावर आलं. मी प्लेट लावली. काही उगवलं नाही. पुन्हा लावली, पुन्हा कोरी. वॉर्डातल्यांनी अंदाजानं क्षयाची औषधं सुरू केली, पण आई दिवसेंदिवस आणखीच मंद होत गेली. साऱ्या जिल्ह्याचे जंतू माझ्या हाताखाली उगवले, आईचा तेवढा उगवेना. आई जगायला हवी होती आणि उत्तर माझ्या प्लेटवर यायला हवं होतं. शेजारच्या, वनिताच्या खोलीचं दार उघडंच असायचं. माझे पाय तिकडे वळत नव्हते.

शेवटी तीच आली. "दिलीपभाऊ, काकूच्या पाठीतलं पाणी उरलं असन न? द्या मले. काऊन थांबून राह्यले?"

मी दिलं. मशीनला त्यात ब्रुसेलाचे अंश सापडले. हा गुराबकऱ्यांकडून माणसाला लागणारा जंतू. पण अंश इतके थोडे, की आहेत म्हणावेत तर आहेत. पाण्याची नळी स्वच्छ होती.

"मग दे की रिपोर्ट," मी म्हणालो.

"थांबा भाऊ. अंश लय थोडे हायेत, अन् याचे चुलतभाऊ रसायनाच्या बाटल्यांमधी घर करून राह्यतात. मशीन नाव सांगते, गाव नाई सांगत. काकूलेच विचारू."

सकाळच्या वेळी आई जरा शुद्धीत असायची. वनिता खुर्ची सोडून सरळ तिच्या खाटेवर बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"काकू, घरी बकऱ्या हायेत?"

"हायेत न."

"बकरी जनते तवा जवळ कोण राह्यते?"

आईचे डोळे पुरते उघडले. "माह्याशिवाय कोण, बाई? साऱ्या मोहल्ल्याच्या बकऱ्या मलेच मोकळ्या करा लागतात. अडलं पिलू याच हातानं वढून काढा लागते."

"अन् यंदा?"

"यंदा लय बकऱ्यांनी गाभ टाकले. मेले पिलं काढून काढून हात दुखले माहे."

वनितानं तो हात सोडला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्याच बकऱ्यांच्या दुधावर मी वाढलो, आणि प्रश्न मात्र हिला सुचला. पुढे रक्ताच्या तपासणीनंही तेच सांगितलं. औषधं बदलली, ती खूप दिवस चालली, आणि आई हळूहळू परत आली. शुद्धीवर येऊन मला ओळखल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "वनिता कुठी गेली?"

ज्या आईनं उभ्या जन्मात मेश्रामांच्या मोहल्ल्यातलं पाणी तोंडाला लावलं नव्हतं, ती आता वनिताच्या डब्यातली वांग्याची भाजी मागून खायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. पण मी आणलेला डबा तसाच परत जायचा, त्याचं काय?

वनिताला सगळं दिसत होतं. एकदा चहा पिताना म्हणाली, "भाऊ, तुमची प्लेट अन् माह्यं मशीन सवती नाई, देरानी-जेठानी हायेत. भांडू द्या. घर एकच हाय." आई घरी निघाली तेव्हा वनितानं गुरांचे डॉक्टर वापरतात तसले कोपरापर्यंतचे हातमोजे तिला दिले. आई ते सणाच्या लुगड्यासारखे जपते.

मागच्या हिवाळ्यात मुलचेऱ्याचं आरोग्य शिबिर आटोपून परतताना लोहखनिजाच्या ट्रकनं वनिताच्या गाडीला धडक दिली. ती जागीच गेली. मी ढसाढसा रडलो. आणि अंत्ययात्रेतली गर्दी पाहून मनात आलंच, माझ्यामागे एवढी माणसं येतील का?

मशीन आता मी चालवतो. पाण्याची नळी कधी चुकवत नाही.

ती गेल्यानंतर पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा आईनं दारातच विचारलं, "वनिता कशी हाय?" सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तोंडातून निघालं, "बरी हाय." तेव्हापासून दर खेपेला तिची काहीतरी नवी बातमी न्यावी लागते. हयातभर जिचं कौतुक ऐकवत नव्हतं, तिचं कौतुक आता मीच रचतो.

परवा हेमलकशाकडून एक मुलगी आली होती. झटके येत होते, बेशुद्ध होती. मी आधी पाण्याला विचारलं, मग मशीनला, मग शेजारी बसून तिच्या आईला. कारण सापडलं आणि मुलगी वाचली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम. गावी गेल्यावर आईला ते सगळं बारकाव्यानं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "वनितानं शोधून काढलं."

आईचा चेहरा उजळला. "पाह्य कशी पोरगी हाय ते! अन् तू? तू काऊन नाई शिकत तिच्यापासून काही?"

"शिकून राह्यलो न माय," मी म्हणालो.