शिळं पाणी

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत समोरच्या दारातल्या काकू रोज सकाळी नळाला पाणी आलं की आदल्या दिवशीचा भरलेला हंडा मोरीत ओततात. वर मलाच विचारतात, “शिळं पाणी प्यायचं व्हय?” माझं डोकंच फिरतं. पाणी म्हणजे काय भाकरी आहे, शिळी व्हायला!

परवा नळ दिवसभर कोरडा होता, टँकरही आला नाही. संध्याकाळी काकू दारात आल्या. “ताई, कळशीभर पाणी द्या की.”

मी मुद्दाम म्हटलं, “कालचं आहे.”

“चालंल की,” त्या खालमानेनं म्हणाल्या. मनात म्हटलं, घडली एकदाची अद्दल.

काल सकाळी पाणी आलं. काकू हसतहसत कळशी परत घेऊन आल्या, घासून लख्ख केलेली.

“निम्मं तसंच ऱ्हायलं हुतं, ताई. शिळं कशाला परत द्यायचं, म्हनून वतून टाकलं.”