गच्चीवरचा कान

या, जरा जवळ सरका. आणि तो चहाचा कप बाजूला ठेवा आधी. माणूस गेलाय आणि तुम्ही पेपरची पुरवणी चाळताय!

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या गच्चीवर अँटेना उभारून उपग्रह ऐकू लागले. नुसते ऐकायचे, बरं का, बोलायचे नाहीत. सेक्रेटरींचं पालुपद एकच, "अहो वहिनी, रेडिएशन!" मी म्हटलं, "अहो, कानातून कधी आवाज बाहेर पडतो का?" पण ऐकेल तो सेक्रेटरी कसला!

त्यातला एक उपग्रह कॉलेजच्या मुलांनी बनवलेला, बुटाच्या खोक्याएवढा. मुलं नोकऱ्यांना लागली, त्याला विसरली. भाऊजी मात्र वर्षानुवर्षं रोज त्याची टिकटिक ऐकून वहीत वेळ लिहायचे. यंदा तो खाली येऊन जळणार होता. "शेवटच्या फेरीला मी हजर पाहिजे, वहिनी," म्हणाले... आणि नेमकं त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं.

आणि मी मूर्ख! त्यांचा डबा भरायच्या घाईत होते, सेक्रेटरींनी वॉटरप्रूफिंगचा म्हणून कागद पुढे केला, मी न वाचता सही ठोकली. आत अँटेना काढायची संमती होती! भाऊजी घरी आले तोवर अँटेना भंगारात, गच्चीला कुलूप, आणि किल्ली घेऊन सेक्रेटरी नाशिकला लग्नाला. वॉटरप्रूफिंग? अजून एक घमेलं वर चढलेलं नाही!

शेवटची फेरी अजून व्हायची होती. भाऊजींनी बसल्या बसल्या सुताराचा मापाचा पोलादी टेप कापला, प्लॅस्टिकच्या पाइपवर बांधून हातात धरायचा अँटेना केला. पण आमच्या गॅलरीतून दिसतं ते वारज्याकडचं आभाळ, आणि उपग्रह जाणार नेमका उलट, कसब्याच्या बाजूने. मी हात लांबवून उभी. "मनगट फिरवा, वहिनी... अजून थोडं." नुसती खरखर. दहा मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढला. "गेला," म्हणाले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलायला हवं होतं हो! चार दिवसांनी स्वतःही गेले.

परवा मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणतात, "आता माणूसच नाही, अँटेना कशाला?"

"ऐकायला मी आहे. किल्ली ठेवा इथे." ठेवली.

तो एक जळाला, बाकीचे अजून फिरतायत. पण उपग्रह पुढे सरकतो तसा त्याचा सूर उतरत जातो. एका हाताने अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने रेडिओचं बटण. माझ्या खांद्याला ते झेपत नाही, दुसरं माणूस लागतं. तेव्हा लवकर या, सकाळचे या. पोहे खाली आल्यावर मिळतील. वर मात्र तोंडातून अक्षर काढायचं नाही.