पोचपावती मागणारा अलार्म

अलार्म तपासायला ऑक्सिजनच्या खोलीत आम्ही नळीतलं प्रेशर मुद्दाम खाली आणलं होतं. वरच्या मजल्यावर नर्सिंग स्टेशनच्या स्क्रीनवर लाल पट्टी यायला हवी होती. मी फोन लावला.

"सिस्टर, दिसलं का?"

"न्हाई ओ ताई. सगळं हिरवंच हाय."

फलटणचं नवजात बाळांचं छोटं हॉस्पिटल. नव्या इमारतीचं नेटवर्क मी बसवत होते. म्हणजे कॉम्प्युटर, एक्स-रे मशीन, कॅमेरे आणि हा ऑक्सिजनचा अलार्म एकमेकांना जोडायचे. दुसऱ्या दिवशी जुन्या इमारतीतली बाळं इकडे आणायची होती. त्यांतली काही ऑक्सिजनवर होती.

पुन्हा प्रेशर उतरवलं. या वेळी पट्टी आली. त्यापुढच्या वेळी परत नाही. कधी वाजणारा, कधी न वाजणारा अलार्म हा बंद अलार्मपेक्षा वाईट. बंद असला तर माणूस निदान स्वतः जाऊन बघतो.

हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडम खाली आल्या. "वायर सैल असेल, बदलून टाका."

बदलली. फरक शून्य. अलार्म बसवणाऱ्या कंपनीला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, "आमचं सेटिंग सगळीकडे हेच असतं मॅडम."

तेवढ्यात सिस्टर स्वतःच जिना उतरून आल्या. "मॅडम, लाल दिसल्याबिगर मी लेकरं हलवणार न्हाई. आधीच सांगते."

डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मग मी अलार्म नेमका कधी हरवतो ते बघत बसले. शेजारच्या खोलीत टेक्निशियन एक्स-रे मशीनची चाचणी घेत होता. तो फोटो पाठवायला लागला की अलार्म गायब. फोटो जड असतात. ते त्याच स्टेशनच्या कॉम्प्युटरकडे निघाले की वाटेतला स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जुळतात ते यंत्र, भरून जातो, आणि मावत नाही ते टाकून देतो. पण मग फोटो कसे पोचत होते?

यंत्रं ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात, त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. अलार्म 'यूडीपी'वर होता. ते पोस्टकार्डासारखं. पेटीत टाकलं, विषय संपला. फोटो 'टीसीपी'वर होते. ते पोचपावती मागतं, नाही आली तर पुन्हा पाठवतं. कॅमेऱ्याला यूडीपी चालतं, एखादं चित्र गळालं तर बिघडत नाही. इथे गळून चालणार नव्हतं.

अलार्मच्या डब्यात दोन्ही पर्याय होते. मी टीसीपी निवडलं. शिवाय डब्यानं थोड्या थोड्या वेळानं 'मी आहे' असं कळवायचं, आणि ते थांबलं तरी स्क्रीन लाल व्हायची, अशी सोय केली. वायरच तुटली तर पोचपावती तरी कोण देणार?

सिस्टर परत वर स्क्रीनपाशी गेल्या. टेक्निशियनला सांगितलं, एक्स-रे पाठवतच राहा. प्रेशर उतरवलं.

"आलं ओ ताई! लाल आलं!" सिस्टर वरून एवढ्या जोरात ओरडल्या की फोनची गरजच पडली नाही. परत परत केलं. दर वेळी आलं. मी तिथेच पायरीवर बसले.

पुढच्याच महिन्यात ऑक्सिजनचा एक व्हॉल्व्ह खरंच गळला. पट्टी लाल झाली, सिस्टरनी लगेच राखीव सिलिंडर चालू करून घेतला. बाळांना काही कळलंसुद्धा नाही. मला हे डॉक्टर मॅडमच्या फोनवरून समजलं.

तेव्हापासून 'सगळीकडे असंच चालतं' असं कुणी म्हणालं, की मी लाइन भरलेली असताना टेस्ट घेते. रिकाम्या लाइनवर सगळंच चालतं.