संदर्भ क्रमांक नऊ

लिहायला बसलोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेचे पेपर सोडले तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. भाषा चुकली तर सांभाळून घ्यावं. मात्र ज्या एका ओळीबद्दल लिहितोय, तिची माफी मागणार नाही. ती काढून टाकायला मला सांगून झालेलं आहे.

मी अमरावतीला इतिहास घेऊन बी.ए. करत होतो. शेवटच्या वर्षी प्रकल्प द्यावा लागतो, त्याशिवाय पदवी नाही. मी पातूरची लेणी घेतली. आमचं घर अकोल्याचं. दर बुद्धपौर्णिमेला आई, बाबा आणि मी एसटीनं पातूरला जातो. आई पांढरी साडी नेसते, पिशवीत बुद्धाची तसबीर आणि डब्यात खीर असते. लेण्यापाशी तसबीर ठेवून आम्ही त्रिशरण, पंचशील म्हणतो.

बाबांनी तरुणपणी काळ्या दगडाच्या खदानीत काम केलं. पुढे ते गल्लोगल्ली फिरून पाट्यांना टाकी लावायचे, म्हणजे गुळगुळीत झालेला पाटा त्या छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करायचे. घरोघरी मिक्सर आले आणि तेही गेलं. आता गवंड्याच्या हाताखाली जातात. वंदना झाली की ते लेण्याच्या भिंतीपाशी जातात आणि तिथंच रमतात. आई दरवर्षी म्हणते, "वंदनेले आले का कामावर?"

त्या वर्षी मी वही घेऊन गेलो होतो. एका खोलीची मागची भिंत अर्धवट आहे. देणग्या आटल्या असाव्यात म्हणून काम सोडलं, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं, ते बाबांना सांगितलं. ते भिंतीजवळ सरकले. भिंतीवर तळहात ठेवला, मग टाकीच्या रेघांवरून बोट फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले आणि मला मोबाइलचा उजेड धरायला लावला. तिथं दगडात एक बारीक भेग वरून खाली गेली होती. रेघा तिच्यापाशी येऊन थांबत होत्या, जरा वर पुन्हा सुरू होत होत्या, परत थांबत होत्या.

"सोडून नाही गेला हा," बाबा म्हणाले. "दगड फुटून राहिला होता. त्यानं तीनदा दुसरीकडून घेऊन पाह्यलं. अन् गडी डावखोरा होता, माह्यासारखा. रेघा पाह्य कशा चालल्या."

त्यांनी डावा हात टाकी धरल्यासारखा भिंतीला लावला. तो त्या रेघांच्या तिरप्यात नीट बसला.

मी ते सगळं प्रकल्पात लिहिलं. शेवटी संदर्भांच्या यादीत आठ पुस्तकं आली. नवव्या क्रमांकावर बाबांचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, दगडकाम करणारे, अकोला, लेण्यात प्रत्यक्ष दिलेली माहिती.

आमचे सर चांगले आहेत. स्वतःची पुस्तकं मला वाचायला देत. त्यांनी नववी ओळ खोडली. "अरे, भावना समजतात. पण वडील संदर्भ होत नाहीत. आभारात घे त्यांना."

आभारात आई होती, तीन वर्षं हॉस्टेलवर डबे पाठवल्याबद्दल. बाबांनी डबा दिला नव्हता, माहिती दिली होती. सरांपुढे माझ्या तोंडून एरवी शब्द निघत नाही. तीन वर्षं मी वर्गात 'मले'चं 'मला' करून बोलत आलो होतो. तेव्हा मात्र घरचंच बाहेर पडलं. "सर, त्या आठ जणांयनं कधी टाकी धरली होती का?"

सरांनी पान परत दिलं. मी पान पुन्हा टाइप करून आणलं, नऊ संदर्भांसह. त्यांनी पुन्हा खोडलं. मी पुन्हा आणलं. शेवटी ते म्हणाले, सही करतो, पण परीक्षकांनी नापास केलं तर माझ्याकडे यायचं नाही. मी म्हणालो, नाही येणार.

घरी सांगितलं तर बाबा घाबरले. "काहून भांडतं तू? काढून टाक नाव. डिगरी पाह्य आधी." मी काढणार नाही म्हटलं. त्यांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "आडनाव बरोबर लिवलं ना?"

निकाल लांबत गेला. मी अकोल्यातच एका दुकानात कामाला लागलो. सर फोन करणार नव्हते आणि मीही त्यांना केला नाही. एका दुपारी हॉस्टेलवरच्या मित्राचा फोन आला. तो विभागात निकाल बघायला गेला होता, तिथूनच बोलत होता. म्हणाला, पास झाला लेका तू. पण प्रकल्पाचे मार्क कापले, नवव्या संदर्भापुढं लाल शाईनं 'ग्राह्य नाही' लिहिलं आहे.

मी विचारलं, ओळ खोडली का?

थांब म्हणाला. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पानं उलटल्याचा.

"नाही खोडली," तो म्हणाला. "हाय तशीच हाय."