दारातला पूल

पूलमास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी खेळण्यातल्या रेल्वेचे पूल करायला घेतले आणि त्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी उरला नाही. खेळणं म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. "खेळणी पोरांची असतात. ही प्रतिकृती आहे," असं ते चारचौघांत ऐकवायचे. बायको मागून म्हणायची, "त्या प्रतिकृतीलाच जेवायला बोलवते, म्हणजे तुम्हीही याल."

मागच्या खोलीत चारही भिंतींना लागून कमरेएवढ्या उंचीवर फळ्या होत्या. फळ्यांवर रूळ, डोंगर, बोगदा, दोन स्टेशनं. गाडीला पूर्ण फेरी मारायची तर वाटेत खोलीचं दार येत होतं. म्हणून मास्तरांनी दाराच्या तोंडाशी काढता-घालता येणारा एक पूल बसवला. दार आत उघडायचं, त्यामुळे पूल जागेवर असला की ते उघडत नसे. चहा आला की बायको दोनदा टकटक करायची आणि गाडी पुढे जाऊन पूल उचलला जाईपर्यंत कप धरून बाहेर उभी राहायची. असे किती चहा गार झाले, देव जाणे. मास्तरांना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

त्या दुपारी ते दारातला पूल नव्याने जोडत होते. जुना मधोमध वाकला होता. नवा कमानीचा होता, बारीक लाकडी पट्ट्यांचा, आणि दोन्हीकडचे रूळ नेमके जुळावेत म्हणून तो जागेवरच चिकटवायचा होता. गोंद लावून त्यांनी चिमटे अडकवले, तोच टकटक झाली.

"अहो, जरा बाहेर या ना. हाताला कशातरीच मुंग्या आल्यात. कप पडला माझ्या हातून."

"गोंद ओला आहे गं. अर्धा तास थांब. हात झटक जरा."

"बरं."

पाऊण तासाने त्यांनी पूल अलगद उचलला आणि दार उघडलं. बायको समोरच्या भिंतीला टेकून खाली बसली होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डोळे उघडे होते, दाराकडे लागलेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "इतका उशीर? घरात कुणी नव्हतं का?"

"मी बाजारात गेलो होतो," मास्तर म्हणाले. ठरवून नाही, तोंडातून निघून गेलं. मग ते परत घेण्याची हिंमत त्यांना झाली नाही.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज शाबूत आहे, सगळं कळतंय त्यांना, असं डॉक्टरांनी आनंदाची बातमी म्हणून सांगितलं. भेटायला येणारा प्रत्येक जण हळहळायचा, "मास्तर, तुम्ही घरी असतात तर!" मास्तर तिच्या देखत मान हलवायचे. ती त्यांच्याकडे बघत असायची.

सेवेत त्यांनी कसूर केली नाही. अंघोळ घालायचे, केस विंचरायचे, मऊ करून घास भरवायचे. नवरा असावा तर असा, असं शेजारणी आपापल्या नवऱ्यांना सुनावायच्या. ते कानावर आलं की मास्तर खिडकी लावून घ्यायचे. मागच्या खोलीला त्यांनी कुलूप घातलं होतं.

सहा महिन्यांनी वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बोलणं येईल असं वाटत नाही. पण डाव्या हाताने लिहायला शिकवा. तुम्ही चित्रकलेचे मास्तर, तुम्हाला काय अवघड?" मास्तरांनी वही-पेन्सिल आणली आणि कपाटात चादरींखाली ठेवली. पुढच्या खेपेला त्यांनी बाईंना सांगितलं, "तिचं मन लागत नाही." चोराच्या मनात चांदणं. परक्यांच्या पोरांची बोटं धरून ज्याने जन्मभर रेघा काढायला शिकवलं, त्याने स्वतःच्या बायकोला वर्षभर मुकं ठेवलं. याला दुसरं काही म्हणता येत नाही.

लेक महिन्यातून एकदा यायची. अशाच एका रविवारी ती पलंगावरची चादर बदलायला कपाटाशी गेली आणि तिला ती कोरी वही सापडली.

"ही अशी का ठेवलीय? आई, बघ जमतं का."

तिने आईच्या मांडीवर ताट पालथं घातलं, त्यावर वही ठेवली, डाव्या हातात पेन्सिल दिली. मास्तर हातातलं औषध घेऊन तसेच उभे राहिले. पेन्सिल दोनदा घसरली. बराच वेळ गेला. मग वाकड्यातिकड्या अक्षरांत उमटलं: मला ने.

"माझ्याकडे?" लेक गोंधळली. "आणि बाबांना सोडून? आई, बाबांनी तुझं काय कमी केलंय गं?"

आईने वही मास्तरांच्या दिशेने ढकलली आणि पेन्सिल तिच्यावर ठेवली.

मास्तरांनी पेन्सिल उचलली नाही.

"मी बाजारात गेलो नव्हतो," ते म्हणाले. "मागच्या खोलीत होतो. हिने बोलावलं होतं मला. मी थांब म्हणालो. पूल चिकटत होता."

"किती वेळ?"

"पाऊण तास."

"आणि ही वही?"

"मीच ठेवली होती तिथे."

कपाट उघडंच होतं. लेकीने आईचे कपडे काढून पलंगावर घड्या घालायला सुरुवात केली. थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "औषधांच्या वेळा लिहून देतो."

"नको," लेक म्हणाली. "आई लिहून देईल."