एक पेशंट कमी

संभाजीरावांना आमच्या ऑकलंडच्या मनुरेवा भागातले सगळे मराठी लोक देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांची मुलगी कौमुदी मला श्यामलामावशी म्हणते. मी काही तिची सख्खी मावशी नव्हे, शेजारची. पण पोरीचं बालपण माझ्या स्वयंपाकघरात गेलंय, तेव्हा बोलायचा हक्क मला आहे.

कौमुदीला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही. थोडं रडली, मग डोळे पुसून कायरोप्रॅक्टिकला गेली. मणक्यांवर हातानं उपचार करायचे. औषध नाही, सुई नाही. पोरगी त्यात रमली. पण संभाजीराव पडले फार्मासिस्ट. जो गोळी लिहून देत नाही तो डॉक्टर कसला! इथल्या मराठी मंडळात त्यांनी एवढंच सांगितलं, "कौमुदी डॉक्टर होतेय." लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं, आणि यांनी खुशाल समजू दिलं.

शेवटच्या वर्षी पंचाईत झाली. त्या वर्षी विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या क्लिनिकात, सुपरवायझरच्या नजरेखाली पेशंट बघायचे असतात, आणि ते पेशंटही स्वतःच शोधून आणायचे असतात. ठरलेले नवे पेशंट पुरे झाल्याशिवाय पदवी नाही, पदवीशिवाय रजिस्ट्रेशन नाही. आणि रजिस्ट्रेशनशिवाय क्लिनिकबाहेर कुणावर उपचार केले, तर शिक्षणावर पाणी सोडायचं. बाकीच्या पोरांनी चर्चमधली माणसं आणली, एकानं अख्खा रग्बी क्लब आणला. आमच्या मंडळात तर दर दुसरा माणूस कंबर धरून उठतो. पण बापाचा हुकूम होता, "मंडळात कुणाला विचारायचं नाही. माझी शोभा होईल."

मग ही डेअरीबाहेर, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाबाहेर, उभी राहून दूध-ब्रेड न्यायला आलेल्या अनोळखी लोकांना इथला माओरी नमस्कार घालून विचारायची, "किया ओरा, तुमची पाठ दुखते का?" ही काहीतरी विकतेय असं वाटून लोक वळसा घालून जायचे. मला कळलं तशी मी आपणहून तिच्या क्लिनिकात गेले. तिनं माझी मान तपासली, सुपरवायझर बाईंना सगळं सांगितलं, बाईंनी येऊन पुन्हा तपासलं, होकार दिला, तेव्हा कुठे उपचार सुरू झाले. मी आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होते, हात ओळखते. पोरीचा हात चांगला होता.

मागच्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, तिला एकच पेशंट कमी पडत होता. आणि त्याच घरात, काउंटरमागे उभं राहून राहून संभाजीरावांची कंबर अशी धरली होती की टेबलाचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नव्हतं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होते. कौमुदी म्हणाली,

"बाबा, प्लीज या ना क्लिनिकला. जस्ट वन्स. तुम्हालाही बरं वाटेल, माझंही काम होईल."

"तिथं गाऊन घालून पालथा पडू? आणि कुणी पाहिलं म्हणजे? इथंच दाब की, पडदे ओढून घे."

"घरी अलाउड नाहीये, बाबा."

"बापाला हात लावायला परवानगी लागते?"

तिनं नियम मोडला नाही. मुदत संपली. बरोबरची पोरं पदवी घेऊन गेली आणि ही पुढच्या बॅचबरोबर पुन्हा त्याच क्लिनिकात उभी राहिली. संभाजीराव मंडळात सांगत होते, "मोठा कोर्स आहे, वेळ लागतोच."

यंदा एकदाचं सगळं पार पडलं. रजिस्ट्रेशन झालं, प्रॅक्टिसचा परवाना आला. तिच्या आईनं, नीलानं, मला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर कौमुदी वडिलांच्या शेजारी जाऊन बसली.

"बाबा, आता सुपरवायझर लागत नाही. आता घरीसुद्धा बघू शकते मी. माझे फर्स्ट पेशंट तुम्ही व्हा ना."

किती आशेनं म्हणाली! संभाजीराव हसले आणि टुणकन उठून उभे राहिले.

"आता कशाला गं? ठणठणीत आहे मी! टौरंगाला एक कायरोप्रॅक्टर आहे, त्यानं मोकळं केलं सगळं. काय हात आहे त्याचा! शिकून घे."

"टौरंगाला? एवढ्या लांब?" मी विचारलं.

"म्हणूनच तर. तिथं कोण ओळखतं आपल्याला?"

कौमुदीनं विचारलं, "कधी गेला होतात, बाबा?"

"थंडीतच की. मागच्या जुलैत."

जुलैत! पोरगी डेअरीबाहेर कुडकुडत एका पेशंटसाठी लोकांच्या विनवण्या करत होती, आणि हा देवमाणूस गाडी हाकत जाऊन परक्यापुढे पालथा पडला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कौमुदी फक्त "ओके" म्हणाली. पार खाली, समुद्रापलीकडच्या साउथ आयलंडमधल्या टिमारू गावच्या एका क्लिनिकनं तिला नोकरीला बोलावलं होतं. जावं की इथंच राहावं, हे तिचं ठरत नव्हतं. तिनं तिथंच, बापासमोर बसून, फोनवरून होकार कळवून टाकला.