गॅसची बाटली आपोआप बदलली तेव्हा

मंडळी, आज दुपारी जे घडलं ते सांगायला इथे लिहायला बसलोय.

नेदरलँड्समधल्या आल्मेरेजवळच्या तळ्याकाठी आमची जुनी कॅराव्हॅन घेऊन कालच आलो. गेल्या आठवड्यात मी तिच्यात गॅसचा ऑटोमॅटिक चेंजओव्हर स्वतः बसवला. एक बाटली संपली की दुसरी आपोआप सुरू होते. पाइप मात्र जुनेच ठेवले. शिवाय थंडी येते म्हणून बाटल्यांच्या कप्प्यातल्या तळाच्या भोकांवर रबरी मॅट टाकली.

आज बाहेर दाट धुकं होतं, कुठेच आवाज नाही. चहासाठी मी लायटर हातात घेतला. आमची सहा वर्षांची ईरा दारातच थांबली, आत यायलाच तयार नाही.

"हेट स्टिंक्ट, बाबा," ती डचमध्ये म्हणाली.

कसला घाण वास? मला तो हट्ट वाटला. बायको मात्र हळूच म्हणाली, "थांब. आपल्या दोघांना सर्दी आहे. तिला वास येतोय."

काहीही न पेटवता बाहेर पडलो. कप्पा उघडला तर चेंजओव्हरची हिरवी खूण लाल झालेली. एक बाटली संपून दुसरी मुकाट्याने सुरू झाली होती. मी दोन्ही बंद केल्या.

तासाभराने पाइपला साबणाचं पाणी लावून एक बाटली क्षणभर उघडली. भेगेवरचा फेस फुगत गेला, कुणीतरी श्वास घेतल्यासारखा. हवेपेक्षा जड असलेला गॅस मॅटमुळे भोकांतून बाहेर न पडता कप्प्यातून आत येऊन आमच्या पलंगाखाली साचत होता.

हाताने बदलायचा व्हॉल्व्ह असता, तर बाटली संपताच गॅस बंद पडला असता आणि ती एवढ्या लवकर कशी संपली हे मी शोधलं असतं. तुमच्याकडे ऑटोमॅटिक असेल, तर बाटली बदलल्याचं तुम्हाला कोण सांगतं?